गुडघा बदलायचा तर तिकडे की नागपुरात?

माझ्या प्रतापनगरच्या घरातून आजवर दोन गुडघे बदलून गेले आणि एक न बदलता परत गेला. पहिल्या आल्या वन्सं, न्यू जर्सीहून. मग धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, इंग्लंडमधल्या लेस्टरहून. तिसरी माझी सख्खी मोठी बहीण, टोरांटोची. ती ऑपरेशनच्या तयारीनं आली आणि महिनाभर व्यायाम करून, संत्रा बर्फीचे चार डबे घेऊन, आपल्याच गुडघ्यांवर चालत परत गेली. मी डॉक्टर नाही. पण खालच्या खोलीतला पलंग, कमोडवरची उंच सीट आणि वॉकर आमच्याकडे कायमचे मुक्कामाला आहेत, आणि दर दिवाळीच्या आसपास कुणाचा तरी परदेशातून फोन येतोच.

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: नागपुरात किती खर्च येतो? मी तो सरळ शेवटी ढकलते. ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं. त्यापुढचे बारा आठवडे तुम्ही कुठे असणार, रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना हात कुणाचा धरणार, आणि सहा महिन्यांनी गुडघा सुजला तर दाखवणार कुणाला, हे ज्यानं ठरवलं त्याचं शहर आपोआप ठरतं. वन्संनी हे उलट्या क्रमानं केलं. त्याची गोष्ट पुढे येईलच.

सगळ्यात आधी: गुडघा खरंच संपलाय का?

ताईनं तिकडून एमआरआय आणला होता, जाडजूड रिपोर्टासकट. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि उभं राहून काढलेला एक्स-रे मागितला. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट खरी आहे त्यापेक्षा मोठी दिसते. अंगाचा भार पडल्यावर ती किती उरते हे उभं राहिल्यावरच कळतं. एमआरआयमध्ये तर साठीनंतर काही ना काही फाटलेलं-झिजलेलं निघतंच, दुखत नसलं तरी निघतं. एक्स-रेवर झीज ० ते ४ अशी मोजतात. ताईची दोन आणि तीनच्या मधे होती. चार म्हणजे हाडाला हाड.

तरीही नुसत्या फोटोवर ऑपरेशन ठरत नाही. चौथ्या पायरीचे गुडघे घेऊन रोज फुटाळा तलावाला चक्कर मारणारे लोक मला माहीत आहेत, आणि दुसऱ्या पायरीवर रडणारेही. म्हणून स्वतःला विचारा: रात्री दुखण्यानं झोप मोडते का? न थांबता किती चालता येतं, दहा मिनिटं की पन्नास पावलं? गोळी घेतल्याशिवाय दिवस जातो का? जिना उतरताना कठडा धरावाच लागतो का? यासाठी ऑक्सफर्ड नी स्कोअर नावाची बारा प्रश्नांची यादी आहे. ० ते ४८ गुण, जितके कमी तितका गुडघा वाईट. आज भरा, तीन महिन्यांनी पुन्हा भरा. दोन कागद समोरासमोर ठेवले की 'यंदा फारच वाढलंय' हे खरं की थंडीमुळे वाटतंय, ते दिसतं.

आणखी एक तपासणी परदेशात, घाईच्या अपॉइंटमेंटमध्ये सुटते ती म्हणजे खुब्याची. खुबा झिजला तरी दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, कमरेतली नस दबली तरीही. डॉक्टरांनी तुमचा खुबा फिरवून पाहिला नसेल तर तुम्हीच आठवण करा.

त्या तीन महिन्यांत काय करायचं? मांडीचा पुढचा स्नायू आणि नितंबाचे स्नायू मजबूत करणारा व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली. आणि वजन. शरीराचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. ताईनं सहा किलो उतरवले. तिचा गुडघा अजूनही दुखतो, पण झोपू देतो. 'काहून घाई करू मग?' असं तीच आता विचारते.

वयाचा हिशेबही इथेच मांडा. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात शंभरातले सुमारे ८२ पूर्ण बदललेले गुडघे २५ वर्षं टिकलेले दिसले. म्हणजे सत्तरीत बदलला तर तो बहुधा जन्माला पुरतो. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलला तर, विशेषतः पुरुषांत, तो पुन्हा उघडावा लागण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं सोपं नसतं. झीज सांध्याच्या एकाच बाजूला असेल तर अर्धा गुडघा बदलण्याचा पर्याय असतो. सावरणं लवकर होतं, पण पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण पूर्ण गुडघ्यापेक्षा जास्त. साधारण पाचातला एक जण पूर्ण गुडघा बदलूनही समाधानी नसतो, हेही मान्य करूनच पुढे जा. जमिनीवर मांडी घालून पंगतीला बसायचं म्हणून कुणी ऑपरेशन करत असेल तर त्याला आधीच थांबवावं. पूजेला पाट सुटतो, खुर्ची येते.

दुसरं: राहता त्या देशात काय मिळतं, ते खणून काढा

लोक 'तिकडे फार वेटिंग आहे' किंवा 'तिकडे फार महाग आहे' एवढ्यावर तिकीट काढतात. भाऊजींनीही आधी तेच केलं होतं, मी तिकडची चौकशी करायला परत पाठवलं.

इंग्लंडमध्ये जीपीनं, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरनं, पाठवल्यावर उपचार सुरू होण्याचं उद्दिष्ट १८ आठवडे आहे. ते सर्रास चुकतं. पण तिथे रुग्णाला रुग्णालय निवडण्याचा हक्क आहे आणि त्या यादीत एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चानं रुग्ण घेणारी खासगी रुग्णालयंही असतात. लेस्टरमध्ये रांग लांब असेल तर तासाभराच्या अंतरावर ती निम्मी असू शकते. जीपीला त्या रुग्णालयाचं नाव घेऊन विचारावं लागतं. कॅनडात गुडघ्यासाठी २६ आठवड्यांचं उद्दिष्ट आहे, प्रांतागणिक अनुभव वेगळा.

अमेरिकेत पासष्टी जवळ आली असेल तर मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याची पात्रता आधी तपासा. ते भारतातल्या ऑपरेशनचे पैसे देत नाही. पासष्टीच्या आत असाल तर तुमच्या विम्यात वर्षाला खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं तो आकडा काढा. त्या वर्षी दुसरं काही आजारपण होऊन तो आकडा गाठला असेल तर त्याच वर्षात तिकडे केलेला गुडघा नागपूरपेक्षा स्वस्त पडू शकतो. वन्संच्या बाबतीत नेमकं तेच होतं, कुणी बघितलंच नाही. एचएसए या आरोग्यखर्चासाठीच्या बचत खात्यातले पैसे मात्र परदेशातल्या उपचारालाही वापरता येतात, बिलं नीट ठेवली तर.

आखाती देशात असाल तर कंपनीचा विमा सांधेबदल देतो का, ते पॉलिसीत वाचा. आणि भारतात नवी पॉलिसी काढून लगेच गुडघा करू हा बेत सोडून द्या. अशा ऑपरेशनला पॉलिसीत दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा असते. प्रवास विमा ठरवून केलेल्या ऑपरेशनला चालत नाही.

तिसरं, आणि माझ्या मते खरं काम: चौदा आठवड्यांचं कॅलेंडर

भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि पेन्सिलीनं भरा.

उतरल्या उतरल्या ऑपरेशन नको. लांबच्या विमानप्रवासानं पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, तपासण्यांनाही वेळ लागतो. पहिले दोन आठवडे त्यात गेले. रुग्णालयात तीन ते पाच दिवस. दोन आठवड्यांनी टाके. सहा आठवड्यांपर्यंत वॉकर सुटून काठी, काठी सुटून घरातल्या घरात मोकळं चालणं. बरेच सर्जन लांबच्या विमानप्रवासाला तीन महिने थांबा म्हणतात, सहा आठवड्यांच्या आत तर नकोच. एकूण चौदा आठवडे. अमेरिकेत मोठ्या कंपनीत एफएमएलए या कायद्यानं आजारपणासाठी बिनपगारी रजा मिळते ती बारा आठवडे. कामावर असणाऱ्याचं इथेच गणित अडतं.

वन्सं सहा आठवड्यांची रजा घेऊन आल्या. तीही मे महिन्यात. नागपूरचा मे! पारा ४५ ला टेकलेला, कूलरच्या दमट हवेत पट्टीखाली घाम, दुपारी वीज गेली की फिजिओ आणि वन्सं दोघी रडकुंडीला. पाचव्या आठवड्यात गुडघा जेमतेम ७५ अंश वाकत होता आणि तिकीट बदलायला जावई तयार नव्हते. खुर्चीतून हात न टेकता उठायला नव्वदीच्या पुढे वाकावं लागतं. तिकडे गेल्यावर दोन सर्जननी 'ज्यांनी केलं त्यांना दाखवा' असं गोड शब्दांत सांगितलं. तिसऱ्यानं भूल देऊन गुडघा वाकवून दिला. आता त्या बऱ्या आहेत. पण मधले चार महिने आमच्या घरात कुणी त्यांच्याशी फोनवर गुडघ्याचा विषय काढत नसे.

म्हणून नागपूरला करायचं तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत. दिवाळी उरकून या, होळीच्या आत जा. पावसाळ्यात ओली फरशी आणि वॉकर ही जोडी वाईट.

कॅलेंडरवर माणसांची नावंही लिहा, नुसत्या तारखा नकोत. पहिले पंधरा दिवस रात्री खोलीत कोण झोपणार? मी साठीची आहे, माझी कंबर धड नाही, हे सांगायला मला दुसऱ्या वेळी धीर आला. भाऊजींसाठी रात्रीची बाई ठेवली. 'वहिनी आहे ना' हा काही बेत नव्हे. ज्यांच्या घरी उतरणार त्यांना आधी विचारा, नीट विचारा, आणि जाऊबाईंनाही सोबत आणा.

घर बघा. खाली झोपायची खोली आणि त्याच मजल्यावर कमोड हवा. पलंग गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडा वर. बाथरूममध्ये पकडायला दांडी. सतरंज्या, पायपुसणी, लोंबणाऱ्या वायरी सगळं उचला. महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात हे जमलंच नसतं.

डॉक्टर आणि दर

रामदासपेठ-धंतोलीत हाडांचे दवाखाने ओळीनं आहेत, त्यामुळे निवड अवघड होते. मिहानला एम्स आहे, सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. तिथे तुमच्या रजेच्या तारखांप्रमाणे नंबर लागेलच असं धरून चालू नका. व्हिडिओवर आधी बोला, एक्स-रे आधी पाठवा, पण ऑपरेशनची तारीख प्रत्यक्ष तपासणीनंतरच पक्की करा. 'काही करू नका' असं सांगायला तयार असलेला डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. ताईला तो भेटला.

विचारायचे प्रश्न: वर्षाला असे किती गुडघे करता? ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार ना? मी परत गेल्यावर काही झालं तर व्हिडिओवर बघाल का, आणि तिकडच्या डॉक्टरांशी बोलाल का? शेवटच्या प्रश्नावर जो घुटमळला त्याला मी मनातून खोडते. ऑपरेशनच्या मदतीला रोबो आहे की नाही यावर फार वेळ घालवू नका. मापं अचूक घ्यायला त्याची मदत होते, पण त्यामुळे गुडघा जास्त वर्षं टिकतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. हात कुणाचा आहे ते मोठं.

आता तो खर्चाचा प्रश्न. भारतात १६ ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. त्या वेळी नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संचाला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या खास संचाला ७६,६०० रुपये ठरले, जीएसटी वेगळा. पूर्वी हेच दीड-दोन लाखांना लावत. ताजी मर्यादा राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघा आणि बिलात इम्प्लांटची रक्कम वेगळी मागा. 'पॅकेज' म्हणतील तेव्हा कागदावर विचारा: भूलतज्ज्ञ धरला का, औषधं धरली का, फिजिओ किती दिवस, एक दिवस जास्त राहिलं तर किती. आमची दोन्ही बिलं दोन-अडीच लाखांच्या घरात गेली. त्यात घरी येणारा फिजिओ, रात्रीची बाई, दोघांची विमानतिकिटं आणि बुडालेला पगार मिळवा, मग तिकडच्या आकड्याशी तुलना करा.

ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) असेल तर व्हिसाचा प्रश्न नाही. नसेल तर पर्यटक व्हिसावर न येता ई-मेडिकल व्हिसा काढा, सोबत येणाऱ्यासाठी त्याचाच वेगळा प्रकार आहे.

येण्याआधी, तिकडेच करून घ्या

मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, बघा; साधारण ७.५-८ च्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबवतात, आणि त्यासाठी इथे येऊन महिनाभर बसणं म्हणजे रजेची माती. दात दाखवा, किडलेला दात हे जंतूंचं घर. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर तीन महिने ऑपरेशन नको, संसर्गाचा धोका वाढतो. 'प्रवासात त्रास नको म्हणून निघताना इंजेक्शन घेतलं', असं भाऊजी करणारच होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाचे जुने कागद, ॲलर्जीची यादी, सगळं एका फायलीत. सिगारेट असेल तर बंद. आणि ऑपरेशननंतरचे व्यायाम आधीच शिका. दुखत असताना नवीन काही डोक्यात शिरत नाही.

दोन्ही गुडघे एकदम करावेत का? परदेशातून आलेल्याला मोह होतो, एका फेरीत काम. हृदय-फुप्फुसं ठणठणीत असली तर काही सर्जन करतात, पण गुंतागुंतीचा धोका वाढतो. पासष्टीच्या पुढे, बीपी-शुगर असताना, मी तर नको म्हणेन. एक पाय धड असला तर माणूस निदान उभा राहतो.

ऑपरेशननंतर घरात

रुग्णालयातलं थोडक्यात: कमरेतून भूल, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करतात. खरी लढाई घरी आल्यावर.

पहिली चूक प्रत्येक घरात प्रेमापोटी होते. गुडघ्याखाली उशी. बरं वाटतं, आणि गुडघा थोडा वाकलेलाच राहायची सवय लागते, मग सरळ होत नाही. उशी ठेवायची तर टाचेखाली. गुडघा पूर्ण सरळ होणं हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे. दुसरी चूक म्हणजे तेल. आमच्या शेजारच्या काकू महानारायण तेलाची बाटली घेऊन तिसऱ्याच दिवशी हजर. जखमेवर काही लावायचं नाही आणि पोटरी तर कुणाला चोळू द्यायचीच नाही, आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. भेटायला येणाऱ्यांनाही पहिले पंधरा दिवस हॉलमधूनच तर्री पोहे खाऊन परत पाठवलं. थोडी नाराजी झाली.

दोन आठवड्यांच्या सुमारास नव्वदच्या आसपास वाकायला हवं, सहा आठवड्यांत ११० च्या जवळ. फिजिओ येण्याआधी अर्धा तास दुखण्याची गोळी, नंतर बर्फ. झोप महिनाभर तुटक असते. तिसऱ्या आठवड्यात भाऊजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, 'वहिनी, उगाच केलं.' वन्सं हेच म्हणाल्या होत्या, याच आठवड्यात. तेवढं धरून ठेवा.

पोटरी एकदम सुजली, दुखू लागली तर सर्जनला लगेच फोन. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर फोन करत बसू नका, सरळ रुग्णालय. जखम लाल-गरम झाली, त्यातून पाणी येऊ लागलं, ताप आला तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दाखवा. गोळ्या पोटात गेल्या की आतल्या पाण्यात जंतू कोणता ते सापडत नाही.

परतताना सोबत न्यायचं

डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची सविस्तर नोंद, आधीचे-नंतरचे एक्स-रे सीडीवर आणि फोनमध्येही, औषधांची यादी. सगळ्यात मोलाचे म्हणजे इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर: कंपनी, माप, लॉट नंबर. पंधरा वर्षांनी तिकडच्या सर्जनला हा गुडघा उघडावा लागला तर तो पहिल्यांदा हेच विचारणार. रुग्णालयं ते फायलीत चिकटवून ठेवतात, तुम्ही मागून घ्या.

विमानात कडेची सीट, व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवा. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर आणि पुढे दोह्याला किंवा मुंबईला, दोन्हीकडे. धातूच्या तपासणीत गुडघा वाजणार, त्याचं काही मनावर घेऊ नका. पोचल्यावर आठवड्यात जीपीकडे जाऊन हे सगळे कागद नोंदवून घ्या आणि तिकडचा फिजिओ त्याआधीच ठरवलेला असू द्या.

भाऊजींचा उजवा गुडघा आता तीन वर्षांचा झाला. गेल्या महिन्यात फोन आला, 'वहिनी, डावाही दुखून राहिला. खालचा पलंग मोकळा आहे ना?' मी म्हटलं, आधी उभ्यानं काढलेला एक्स-रे पाठवा आणि कॅलेंडर भरा. त्यांनी भरलं. जाऊबाई आता निवृत्त झाल्या आहेत, तिकडच्या घरात खाली बाथरूम करून घेतलंय, आणि शेजारच्या गावातल्या रुग्णालयात अकरा आठवड्यांवर नंबर लागला. डावा लेस्टरलाच होतोय. मी इथून लोणचं आणि सांबारवडी पाठवतेय.